वाय-फायवरच्या लॅपटॉपमधल्या व्हीएमपर्यंत काउंटर कसा पोहोचवायचा?



आजचा धडा म्हणजे माझ्याच एका सल्ल्याची दुरुस्ती आहे. लॅपटॉपमध्ये व्हर्च्युअलबॉक्स टाकून त्यात बिलिंगचा सर्व्हर कसा चालवायचा, हे आपण व्हिडिओत पाहिलं होतं. तिथे मी म्हणालो होतो, "नेटवर्कमध्ये जा, ब्रिज्ड अडॅप्टर निवडा, व्हीएमला स्वतःचा आयपी मिळेल, काम झालं." हा सल्ला अर्धवट होता.

तो व्हिडिओ बघून एका हार्डवेअर दुकानदारांनी तशीच मांडणी केली. एका शनिवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. "सर, लॅपटॉपवर बिल निघतंय, पण काउंटरच्या कॉम्प्युटरवर पानच उघडत नाही. सकाळपर्यंत सगळं ठीक होतं!" दुकानात गिऱ्हाईक उभं. शेवटी त्यांनी कच्च्या बिलांची वही काढली. रात्री शटर ओढल्यावर त्यांच्या मुलीने ती सगळी बिलं एकेक करून सॉफ्टवेअरमध्ये चढवली. दोन बिलांवर गिऱ्हाइकाचा जीएसटी नंबर लिहायचा राहून गेला होता. ती दोन्ही गिऱ्हाइकं सोमवारी तक्रार घेऊन परत आली.

झालं होतं एवढंच की दुपारी लाइट जाऊन आली, राउटर पुन्हा सुरू झाला आणि त्यानंतर व्हीएमला आयपी मिळालाच नाही. व्हिडिओत माझा लॅपटॉप लॅन केबलवर होता. त्यांचा वाय-फायवर होता. हा फरक मी सांगायला हवा होता. तो आज नीट समजून घेऊ, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या लॅपटॉपला आता लॅनचं पोर्टही नसतं.

आधी मांडणी डोळ्यासमोर आणा

लॅपटॉपवर विंडोज आहे. त्यात व्हर्च्युअलबॉक्स, आणि त्याच्या आत उबंटूचं व्हीएम. त्या व्हीएममध्ये बिलिंगचं सॉफ्टवेअर चालतं, जे ब्राउझरमध्ये उघडतं. ते ८०८० या पोर्टवर ऐकतं. लॅपटॉप, काउंटरचा कॉम्प्युटर आणि मालकांचा मोबाइल हे तिघं एकाच वाय-फायवर आहेत. काउंटरवरून आलेली मागणी राउटरमधून लॅपटॉपपर्यंत आणि तिथून आत व्हीएमपर्यंत पोहोचली पाहिजे. अडचण या शेवटच्या टप्प्यात आहे.

वाय-फायवर ब्रिज का दगा देतो?

प्रत्येक नेटवर्क कार्डाला एक मॅक पत्ता असतो. ब्रिज म्हणजे व्हीएम आपला वेगळा मॅक पत्ता घेऊन थेट नेटवर्कमध्ये उतरतं. केबलवर हे सहज चालतं. एकाच वायरवरून पाच वेगळ्या मॅक पत्त्यांची पाकिटं आली तरी साध्या स्विचला काही फरक पडत नाही.

वाय-फायचा हिशोब कडक असतो. लॅपटॉप जेव्हा पासवर्ड देऊन जोडला जातो, तेव्हा राउटर त्याच्या रेडिओचा मॅक पत्ता नोंदवून घेतो आणि त्याच्याशी बोलायच्या चाव्या ठरवतो. लॅपटॉपकडून राउटरकडे जाणाऱ्या वाय-फायच्या पाकिटावर नेहमीच्या पद्धतीत तीनच पत्ते असतात: राउटरचा, पाठवणाऱ्या रेडिओचा आणि पाकीट शेवटी जिथे जायचं त्याचा. "पाठवतोय लॅपटॉप, पण मूळ मजकूर आतल्या दुसऱ्याचा आहे" असं लिहायला चौथा रकानाच नसतो. चार पत्त्यांची पद्धत वाय-फायमध्ये आहे, पण ती दोन ॲक्सेस पॉइंट एकमेकांना जोडण्यासारख्या कामासाठी. दुकानातला साधा राउटर लॅपटॉपकडून ती सहसा स्वीकारत नाही.

मग व्हर्च्युअलबॉक्स काय करतो? तो मधल्या मधे मॅक पत्ता बदलतो. व्हीएमचं पाकीट बाहेर जाताना त्यावर लॅपटॉपचा मॅक चिकटवतो. उत्तर आलं की आयपी पत्ता बघून ठरवतो की हे विंडोजचं की व्हीएमचं. म्हणजे राउटरला दिसतं काय? एकच मॅक आणि त्याच्यावर दोन आयपी.

काही राउटर हे मुकाट्याने चालवून घेतात. काहींना ते संशयास्पद वाटतं. आयपी आणि मॅकची जोडी बांधून ठेवायची सुरक्षा चालू असेल, तर दुसरा आयपी अडतो. आणि आयपी वाटपाच्या वेळी राउटर उत्तर थेट व्हीएमच्या मॅक पत्त्यावर पाठवायला गेला, तर वाय-फायवर त्या पत्त्याचं कोणी नोंदलेलंच नसतं. म्हणून ब्रिज सकाळी चालतो, दुपारी चालत नाही. एका दुकानात चालतो, दुसऱ्यात नाही. धंद्यात असली वस्तू सगळ्यात वाईट. सरळ बंद पडली असती, तर तुम्ही पहिल्याच दिवशी दुसरा मार्ग शोधला असता.

उपाय: 'मार्फत'

जुन्या वाड्यात पोटभाडेकरूला पत्र यायचं, तेव्हा पाकिटावर घरमालकाचं नाव असायचं आणि वर "मार्फत" लिहिलेलं असायचं. पोस्टमन फक्त मालकाला ओळखायचा. पत्र मालकाच्या हातात पडायचं आणि मालक ते आतल्या खोलीत नेऊन द्यायचा.

आपल्याला हेच करायचंय. वाय-फायला फक्त लॅपटॉप माहीत असू दे. व्हीएमसाठीची मागणी लॅपटॉपच्या नावाने येऊ दे आणि व्हर्च्युअलबॉक्स ती आत पोहोचवू दे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये याला नॅट आणि पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. वाय-फायच्या दृष्टीने इथे काही वेगळं घडतच नाही. एक मॅक, एक आयपी. त्यामुळे राउटर कुठलाही असला तरी नाक मुरडत नाही.

पायरी १: व्हीएम नॅटवर आणा

व्हीएमच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग अडॅप्टर १. "अटॅच्ड टू" समोर नॅट निवडा. व्हीएम पुन्हा सुरू केलं की त्याला साधारणपणे १०.०.२.१५ हा आयपी मिळतो. हा पत्ता लॅपटॉपच्या आतला आहे. काउंटरच्या कॉम्प्युटरवर तो टाकून काही होणार नाही.

पायरी २: पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम लिहा

त्याच पानावर पोर्ट फॉरवर्डिंगचं बटण आहे. जुन्या आवृत्तीत आधी ॲडव्हान्स्ड उघडावं लागतं. नव्या आवृत्तीत बटण दिसत नसेल, तर बेसिकऐवजी एक्स्पर्ट निवडा. अधिकच्या चिन्हावर क्लिक करून एक ओळ भरा:

- नाव: बिलिंग
- प्रोटोकॉल: टीसीपी
- होस्ट आयपी: रिकामा
- होस्ट पोर्ट: ९०९०
- गेस्ट आयपी: रिकामा
- गेस्ट पोर्ट: ८०८०

(मी इथे मराठी आकडे लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी आकडे टाका.)

होस्ट म्हणजे लॅपटॉप, गेस्ट म्हणजे व्हीएम. अर्थ असा की लॅपटॉपच्या ९०९० वर जे येईल, ते व्हीएमच्या ८०८० वर द्या. दोन्हीकडे एकच आकडा टाकला तरी चालतं. पण शिकताना वेगळे ठेवा, म्हणजे पत्ता बघूनच कळतं की आपण बाहेरच्या दारावर आहोत की आतल्या. शिवाय विंडोजमध्ये दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमने ८०८० आधीच धरून ठेवला असेल, तर तो वादही टळतो. हा नियम व्हीएम चालू असतानाही घालता येतो.

जेवढं लागतं तेवढंच दार उघडा. व्हीएममध्ये दुरुस्तीसाठी एसएसएच लागत असेल, तर त्याचा वेगळा नियम करा, पण होस्ट आयपीमध्ये १२७.०.०.१ टाका. म्हणजे ते दार फक्त लॅपटॉपवर बसलेल्या माणसाला उघडतं, वाय-फायवरच्या इतरांना नाही.

पायरी ३: लॅपटॉपचा आयपी पक्का करा

आता सगळी भिस्त लॅपटॉपच्या आयपीवर आहे. तो आज १९२.१६८.१.५० आणि उद्या १९२.१६८.१.६३ झाला, तर काउंटरवरचा बुकमार्क वाया गेला. म्हणून राउटरच्या पानावर जाऊन डीएचसीपी रिझर्व्हेशन करा. काही राउटरमध्ये त्याला ॲड्रेस रिझर्व्हेशन म्हणतात. तिथे लॅपटॉपच्या वाय-फायचा मॅक पत्ता आणि हवा तो आयपी लिहायचा.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, लॅनच्या कार्डाचा मॅक लिहिणं. वाय-फायचा वेगळा असतो. दुसरी चूक पटकन दिसत नाही. विंडोजच्या वाय-फाय सेटिंगमध्ये रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस नावाची सोय आहे. ती चालू असेल तर तुमच्या कार्डाच्या खऱ्या मॅकऐवजी बनावट मॅक वापरला जातो, आणि राउटरवरचं रिझर्व्हेशन लागूच होत नाही. दुकानाच्या वाय-फायसाठी ती बंद ठेवा.

पायरी ४: विंडोजच्या फायरवॉलची समजूत काढा

माझ्याकडे येणाऱ्या फोनपैकी सगळ्यात जास्त इथे अडकलेले असतात.

व्हर्च्युअलबॉक्स पहिल्यांदा पोर्ट उघडतो तेव्हा विंडोज एक खिडकी दाखवून विचारतं की याला नेटवर्कवर बोलू द्यायचं का. आपण घाईत असतो, कॅन्सल दाबतो. आता गंमत बघा. कॅन्सल म्हणजे "नंतर विचार" असं आपल्याला वाटतं, पण विंडोज त्या प्रोग्रॅमसाठी मनाईचा नियम लिहून ठेवतं. नंतर तुम्ही कितीही परवानग्या द्या, मनाई आणि परवानगी दोन्ही असतील तर मनाईचंच चालतं.

म्हणून डिफेंडर फायरवॉलच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये इनबाउंड रूल्स उघडा. व्हर्च्युअलबॉक्सच्या नावाने लाल खुणेचे नियम दिसले तर ते काढून टाका. मग नवा नियम करा: पोर्ट, टीसीपी, ९०९०, अलाउ. नियम प्रोग्रॅमच्या नावाने करण्यापेक्षा पोर्टच्या नावाने करा, कारण व्हीएम खिडकीसह सुरू केलं की एक प्रोग्रॅम चालतो आणि हेडलेस म्हणजे खिडकीशिवाय सुरू केलं की दुसरा.

शेवटी प्रोफाइल विचारलं जातं तेव्हा फक्त प्रायव्हेटवर टिक ठेवा. दुकानाचं वाय-फायही विंडोजमध्ये प्रायव्हेट आहे ना, ते तपासा. याचा मोठा फायदा आहे. उद्या तोच लॅपटॉप घेऊन तुम्ही हॉटेलच्या किंवा स्टेशनच्या वाय-फायवर बसलात, तर ते नेटवर्क पब्लिक धरलं जातं आणि तुमच्या बिलिंगचं दार तिथे आपोआप बंद राहतं.

तपासणी आतून बाहेर करा

चालत नाही म्हटलं की लोक सगळ्या सेटिंग एकदम हलवतात. मग काय बिघडलं होतं हेही कळत नाही आणि काय सुधारलं हेही नाही. खालच्या पाच चाचण्या याच क्रमाने करा. जिथे अडकाल तिथेच थांबा.

१. व्हीएमच्या आत ब्राउझर उघडून लोकलहोस्ट आणि ८०८० टाका. उघडलं नाही, तर सॉफ्टवेअरच बंद आहे. नेटवर्कला हात लावू नका.

२. व्हीएमच्या आतच १०.०.२.१५ आणि ८०८० टाका. पहिली चाचणी पास आणि ही नापास, म्हणजे सॉफ्टवेअर फक्त १२७.०.०.१ वर ऐकतंय. त्याच्या सेटिंगमध्ये ऐकण्याचा पत्ता ०.०.०.० करा. बाहेरची मागणी १०.०.२.१५ वर येते, त्यामुळे याशिवाय पुढे काहीच चालणार नाही.

३. लॅपटॉपच्या विंडोजमध्ये १२७.०.०.१ आणि ९०९० टाका. इथे अडलं तर फॉरवर्डिंगचा नियम चुकलाय किंवा उबंटूच्या आतली फायरवॉल कोणीतरी चालू केलीय.

४. विंडोजमध्येच १९२.१६८.१.५० आणि ९०९० टाका. इथे अडलं तर होस्ट आयपीचा रकाना बघा. तो रिकामा ठेवायचा होता, तिथे १२७.०.०.१ राहिलं असेल. किंवा लॅपटॉपचा आयपीच वेगळा आहे.

५. मोबाइल त्याच वाय-फायवर ठेवून, मोबाइल डेटा बंद करून, हाच पत्ता टाका. इथे अडलं तर दोनच संशयित. एक विंडोजची फायरवॉल. दुसरा राउटरचं गेस्ट नेटवर्क किंवा एपी आयसोलेशन. आयसोलेशन चालू असेल तर वाय-फायवरची उपकरणं इंटरनेट बघू शकतात, पण एकमेकांना नाही.

आणि हो, पिंगवर विसंबू नका. पोर्ट फॉरवर्डिंग टीसीपी आणि यूडीपी नेतं, पिंग वेगळ्या प्रकारचं असतं. तुम्ही पिंग केलंत तर उत्तर द्यायचं की नाही हे लॅपटॉप ठरवतो. त्यावरून व्हीएमबद्दल काहीच कळत नाही.

या पद्धतीच्या मर्यादा

व्हीएमच्या दृष्टीने बाहेरून येणारी प्रत्येक मागणी १०.०.२.२ या एकाच पत्त्यावरून येते, कारण आत आणून देणारा एकच. त्यामुळे सॉफ्टवेअरच्या नोंदीत "कुठल्या काउंटरवरून बिल बनलं" हे आयपीवरून कळणार नाही. प्रत्येक माणसाला वेगळं लॉगिन द्या. ते तसंही द्यायलाच हवं.

नेटवर्कमध्ये ओरडून सर्व्हर शोधणारी सॉफ्टवेअरं असतात. त्यांची हाक नॅटच्या आत पोहोचत नाही. तिथे सर्व्हरचा पत्ता हाताने लिहा. विंडोजचं फाइल शेअरिंग ४४५ वर चालतं आणि तो पोर्ट लॅपटॉपने स्वतःच धरलेला असतो, म्हणून व्हीएममधलं शेअर फोल्डर या मार्गाने द्यायला जाऊ नका.

एवढं सगळं अडचणीचं होत असेल, तर खर्चाचा पण सोपा उपाय आहे: यूएसबीला लागणारं लॅन अडॅप्टर घ्या आणि राउटरपर्यंत केबल टाका. मग ब्रिज सुखाने वापरा. वायर टाकता येत असेल तिथे मी आजही वायरच सुचवतो.

"सर, घरून पण दिसेल का?"

हा प्रश्न पुढच्याच आठवड्यात येतो. राउटरवरही पोर्ट फॉरवर्डिंग असतं. तिथे ९०९० उघडला की बिलिंग इंटरनेटवर दिसू लागतं. हे करू नका. उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर रात्रंदिवस चालू असतात, आणि तुमच्या बिलिंगचा पासवर्ड दुकानाच्या नावासारखाच आहे, हे मला फोनवर ऐकूनही कळतं.

बऱ्याच जणांकडे तर ते चालणारही नाही. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, तर कंपनीने अनेक गिऱ्हाइकांना एकाच सार्वजनिक आयपीमागे बसवलंय. बाहेरून आलेली मागणी तुमच्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही. तिथे तुम्ही स्वतः पोटभाडेकरू आहात!

घरून बघायचंच असेल तर व्हीपीएन वापरा. वायरगार्ड आहे, आणि नवख्यांना टेलस्केल सोपं जातं. त्यावर वेगळा धडा करू.

रोजच्या चार गोष्टी

झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपला की व्हीएमही झोपलं. पॉवर सेटिंगमध्ये चार्जर लावलेला असताना झाकण मिटलं तर डू नथिंग ठेवा. विंडोज अपडेटनंतर लॅपटॉप रीस्टार्ट झाला, तर व्हीएम आपणहून उठत नाही. सकाळी दुकान उघडताना ते बघायची सवय ठेवा. लाइट गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण राउटर बंद पडतो आणि काउंटर तुटतो. राउटरला छोटा यूपीएस द्या. इंटरनेट गेलं तरी दुकानातल्या दुकानात बिलिंग चालू राहतं. आणि चौथं, लॅपटॉपचा आयपी, पोर्ट आणि पाच चाचण्या एका कागदावर लिहून गल्ल्याच्या मागे चिकटवा. अडचण येते तेव्हा तुम्ही दुकानात असालच असं नाही.

त्या हार्डवेअरवाल्यांकडे आम्ही रविवारी फोनवरच हे सगळं बसवलं. तिसऱ्या चाचणीत अडकलो, नियमात होस्ट आणि गेस्ट पोर्टची अदलाबदल झाली होती. मग मी त्यांना राउटर मुद्दाम बंद करून चालू करायला सांगितला. काउंटरवर पान परत उघडलं. तरीही मी त्यांना सांगितलं, कच्च्या बिलांची वही ड्रॉवरमध्येच राहू द्या, आणि तिच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा: जीएसटी नंबर विचारा.

गृहपाठ: आज दुकान बंद झाल्यावर राउटर बंद करून पुन्हा चालू करा आणि पाचही चाचण्या करा. नापास व्हायचंच असेल तर रात्री व्हा, शनिवारी संध्याकाळी नको. कितव्या चाचणीत अडकलात तो आकडा मला लिहून कळवा, "चालत नाही" एवढंच लिहू नका. आकडा कळला की अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

भेटूया पुढच्या धड्यात.